अजून उतरली नाही

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी १०८ वर कुठले कॉल येणार, हे खान्देशात काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. बाकी महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त. आमच्याकडे ती दिवाळीच्या तोडीची. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घागर पुजतात, आमरस-पुरणपोळीच्या पंगती उठतात. पुरुष मंडळी पत्ते कुटत बसतात. मग डाव मळ्यात सरकतो आणि पत्त्यांबरोबर बाटलीही सरकते. दुसऱ्या दिवशी उलट्या, मोटरसायकलवरून पडलेले, डोकं फुटलेले, ऊन लागलेले असे सगळे आमच्याकडे येतात.

त्यामुळे सकाळी पावणेसातला पारोळ्याच्या पुढच्या एका गावातून ‘पोरगा पिऊन पडलाय, उठत नाही’ असा कॉल आला, तेव्हा आमचे पायलट (१०८ वर ड्रायव्हरला असंच म्हणतात) आबा गाडी काढता काढता म्हणाले, “घ्या मॅडम, आखाजीचं खातं उघडलं.” मीही हसले. मी बीएएमएस, १०८ च्या गाडीवर डॉक्टर म्हणून नोकरी करते. पिऊन पडलेल्या माणसाकडे कसं बघायचं हे या गाडीवर फार लवकर अंगात भिनतं: श्वास, नाडी, डोक्याला मार, सापबिप चावल्याची खूण, आणि बोटाला टोचून साखर. ती शेवटची गोष्ट मी कुणाच्याही बाबतीत सोडत नाही. तोंडाला वास येत असेल तर मुळीच नाही.

अंगणात बाजेवर मुलगा पडलेला. वय २३, असं नंतर कळलं. बघून सतरा-अठराचा वाटत होता. भोवती पाहुणे, कुणाच्या हातात दातण, कुणाच्या हातात चहाची बशी. एक आजी त्याच्या नाकाशी कांदा धरून होत्या. एक जण तांब्यातलं लिंबूपाणी तोंडात ओतायला निघाला होता, त्याचा हात आधी धरला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतलं की ते छातीत जातं, हे किती घरांत सांगितलं असेल!

“रातले पेयेल शे,” मोठे काका म्हणाले. त्यांना सगळे नाना म्हणत होते. “पहाटे संडासले उठना तवय बी झोकांड्या खात व्हता. आखो उतरनी नही. सलाइन लाई द्या, व्हई जाई.”

दारूचा वास येत होता हे खरं. पण मुलगा घामानं निथळत होता. मे महिन्याचं ऊन अजून चढायचं होतं, अंगणात बऱ्यापैकी गार होतं, आणि ह्याचा बनियन पिळून काढावा असा. खुंटीवर त्याचा रात्रीचा काळा टी-शर्ट होता, त्यावर पाठीपासून काखेपर्यंत पांढऱ्या मिठाच्या रेघा वाळलेल्या. हात हातात घेतला तर बोटांची टोकं फुगलेली, नखं घड्याळाच्या काचेसारखी गोल. अशी बोटं फुप्फुसाच्या जुन्या दुखण्यात होतात. आणि त्याच बोटांच्या कडांना टोचल्याचे बारीक काळे ठिपके, ढीगभर. हा मुलगा रोज साखर तपासतो, हे ती बोटंच सांगत होती.

ग्लुकोमीटरवर ३१ आकडा आला. जेवणाआधी निरोग्या माणसाची साखर ७० ते १०० असते. ३१ ला मेंदू बंद पडायला लागतो.

शीर मिळेना. दोन्ही कोपरांतल्या शिरा दोरीसारख्या कडक, वापरून संपलेल्या. लहानपणापासून अँटिबायोटिकच्या सलाइनी घेतलेल्यांचे हात असेच होतात. शेवटी पायाच्या घोट्यापाशी एक लागली. २५ टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची, बाटली सावकाश सोडायला सुरुवात केली आणि मान वर न करता विचारलं, “इन्सुलिन कोण देतं ह्याला?”

अंगण गप्प. नाना माझ्याकडे बघायला लागले. “इन्सुलिन? ह्याले? मॅडम, साखर म्हाताऱ्या मानसले व्हस. हाऊ त काडी शे.”

तेवढ्यात आखाजीला माहेरी आलेली त्याची मोठी बहीण आतून प्लास्टिकचा डबा घेऊन धावत आली. दोन इन्सुलिन पेनं, पट्ट्या, पाचकरसाच्या कॅप्सूलची बाटली, आणि मुंबईच्या एका हॉस्पिटलची जाड फाइल. वरच लिहिलं होतं: सिस्टिक फायब्रोसिस, आणि त्याच्याखाली सीएफआरडी, म्हणजे त्या आजारातून उद्भवलेला मधुमेह.

पुस्तकात मी हा आजार वाचला होता, माणसात पहिल्यांदा बघत होते. सीएफटीआर नावाच्या जनुकात दोष. आई-वडील दोघांकडून तो आला तरच मूल आजारी पडतं. पेशींतून मीठ-पाण्याची ये-जा बिघडते. घाम खारट होतो, इतका की बाळाचा मुका घेतला तरी आईच्या ओठांना मीठ लागतं. निदानही घामातलं क्लोराइड मोजूनच करतात. फुप्फुसात, आतड्यात, स्वादुपिंडात सगळा स्राव चिकट होऊन अडकतो. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, ते हळूहळू आतून वाळतं, आणि त्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही जातात. म्हणून ही मुलं वाढून मोठी झाली की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मधुमेह होतो. तो ना लहान मुलांच्या टाइप १ सारखा, ना नानांच्या ओळखीच्या म्हाताऱ्यांसारखा. यात गोड-तूप बंद करत नाहीत. उलट भरपूर खायला घालायचं, तूप-तेल-मीठ सढळ, आणि इन्सुलिन त्या खाण्याला जुळवून घ्यायचं. त्याची आई आदल्या दिवशी त्याच्या पुरणपोळीवर तुपाची धार धरत होती ती लाडानं नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून.

अर्धी बाटली गेल्यावर डोळे उघडले. बहिणीकडे बघून म्हणाला, “माले काय व्हयनं?” मीटरवर १४८. अंगणात एकदम गलका झाला. उठला! नानांनी खिशात हात घातला, मला चहाला बसवायला लागले. गाडीत घालायला कुणी तयार होईना. धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेजला नेलं म्हणजे दारूची नोंद, कदाचित पोलीस, आणि सणाच्या दिवशी घरातलं पोरगं दवाखान्यात. “उठना ना? मंग आते काय?”

घोळ कुठे झाला होता ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. आजार फक्त आई-वडिलांना आणि बहिणीला माहीत होता. धाकट्या मुलीची सोयरीक जमायची होती, रक्तातला आजार आहे असं भाऊबंदकीत कळलं तर कोण येईल, म्हणून तो झाकलेला. खोकला म्हणजे दमा, एवढंच सगळ्यांना सांगितलेलं. आणि दारूचं मळ्यातल्या चुलत भावांना आणि नानांना माहीत, आई-बहिणीला नाही. पहाटे झोकांड्या खाणारा मुलगा नानांनी पाहिला, त्याच्या आईनं पाहिला नाही. साखर घसरली की घाम, थरथर, अडखळती जीभ, झोकांड्या, कधी शिवीगाळ. बाहेरून बघणाऱ्याला ते सगळं दारूसारखंच दिसतं. आईनं पाहिलं असतं तर तिनं साखर चारली असती.

मग मी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. ह्याला मधुमेह आहे, आजाराचं नाव हे आहे, ह्याच्या अंगात इन्सुलिन अजून आहे, दारूही आहे, आणि साखर परत खाली जाणार आहे. रुग्णाची गोष्ट चारचौघांत सांगू नये हे मलाही शिकवलेलं आहे. पण गाडी हलत नव्हती. हे ऐकल्यावर नानांनीच त्याला उचललं.

गाडीत बहीण सोबत बसली. हायवेला लागल्यावर तो बोलायला लागला. रात्री आठला जेवण, कॅप्सूल घेतल्या, जेवणाचं इन्सुलिन घेतलं, नऊला लांब पल्ल्याचं. मग मळा. संत्र्याच्या कोल्ड्रिंकमधून व्हिस्की, किती ते धड आठवत नव्हतं. (महाराष्ट्रात बिअरला २१ आणि व्हिस्कीला २५ वर्षं पूर्ण लागतात, ती बाटली कायद्यानंही ह्याची नव्हती.) एकच्या सुमारास तोंड कोरडं पडलं म्हणून गुपचूप बाहेर जाऊन साखर तपासली, तर ३१८. घाबरला. अंधारातच पेन काढून ८ युनिट टोचले. चुलत भावाला वाटलं, सिगारेट ओढायला गेलाय. मग भूक नाही म्हणून काहीच न खाता घरी येऊन झोपला.

“साखर वाढली तर इन्सुलिन घ्यायचं, असंच सांगितलंय ना?” त्यानं विचारलं.

एरवी बरोबरच. पण ती ३१८ कोल्ड्रिंकची होती. जेवण-खाण नसताना रात्रभर रक्तात साखर सोडत राहायचं काम लिव्हरचं. दारू आली की लिव्हर आधी ती निपटत बसतं आणि नवी साखर बनवणं थांबवतं. म्हणजे वरून आकडा मोठा दिसत होता आणि तळातून झरा बंद झाला होता. त्यावर त्यानं ८ युनिट टाकले. कोल्ड्रिंकची साखर तासाभरात ओसरली असणार. इन्सुलिन पहाटेपर्यंत ओढत राहिलं, आणि लिव्हरनं हात दिला नाही. दारूचा हा परिणाम प्यायल्यानंतर बारा तास, कधी चोवीस तासांपर्यंतही राहतो. त्यात ह्या आजारात साखर वर खेचणारं ग्लुकागॉन बनवणाऱ्या पेशीही दुबळ्या झालेल्या असतात. ग्लुकागॉनचं इंजेक्शन आमच्या गाडीत नसतंच. असतं तरी त्याला लिव्हरमधला साठाच बाहेर काढायचा असतो, आणि रात्रभरात तो रिकामा झालेला असतो.

हे त्याला सांगत होते आणि त्याची उत्तरं लहान होत गेली. बहिणीला वाटलं, झोप आली. टोचून पाहिलं: ५८. अंगणात चहा घेऊन परत फिरलो असतो, तर हा आकडा बाजेवरच आला असता. १० टक्के डेक्स्ट्रोज चालू केलं ते धुळ्यापर्यंत चालूच ठेवलं. आबांनी गाडी कशी दामटली ते आबाच जाणोत.

धुळ्यात त्याला एक रात्र ठेवून घेतलं. साखर पुन्हा एकदा ७० च्या आत आली, मग स्थिरावली. तिथल्या निवासी डॉक्टरांनी फाइल चाळून पहिला प्रश्न विचारला तो लिव्हरचा. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये पित्तही घट्ट होतं आणि काहींचं लिव्हर मुळातच खराब होत जातं. अशांना थेंबही नको. ह्याची सोनोग्राफी पूर्वी केलेली, ठीक होती. दुसरा प्रश्न, सध्या कोणतं अँटिबायोटिक चालू आहे. मेट्रोनिडाझोल चालू असताना प्यायलं तर उलट्या, धडधड, तोंड लाल होणं असं होऊ शकतं. ह्या मुलांना वर्षातून कितीदा तरी अँटिबायोटिक असतात, म्हणून दर वेळी विचारून घ्यायचं. तिसरं माझ्या मनात आधीपासून होतं: आपल्याकडचा उन्हाळा. ४४-४५ अंशांत ह्याच्या घामातून मीठ वाहून जातं, दारूनं लघवी वाढते, पाणी आणखी जातं, छातीतला कफ घट्ट होतो. दोन्ही एकत्र आले तर साखर सोडाच, नुसत्या मीठ-पाण्याच्या तुटीनंही तो पडला असता.

संध्याकाळी ड्युटी संपताना वॉर्डात डोकावले. त्याची आई बाहेर बाकावर होती. उठून माझे हात धरले, रडली, आणि मग म्हणाली, “पन तुम्ही सगळास्ना समोर का बोलन्यात? आते मन्ही धाकलीले कोन करी?” मी तिला सांगितलं, भावाला आजार आहे म्हणून बहिणीला आजार आहे असं नाही. ती धडधाकट आहे. तिच्यात फार तर दोषाची एक प्रत असेल, आणि तिच्यासारख्या निरोगी बहिणीत ती असण्याची शक्यता तीनातली दोन. रक्ताची तपासणी होते. होणाऱ्या नवऱ्यात तसाच दोष नसेल तर मुलांना हा आजार होत नाही. तिनं ऐकून घेतलं. पटलं की नाही, ठाऊक नाही. बोललं ते बरं केलं, असं मला आजही वाटतं. तिला तसं वाटत नसेल, तर तो तिचा हक्क आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा फोन आला. नंबर आबांकडून मिळवलेला. मित्राच्या हळदीला जायचं होतं. सरळच विचारलं, “एक बिअर चाले का, मॅडम?”

हे माझ्या गाडीवरचं काम नाही, तुझ्या मुंबईच्या डॉक्टरांना विचार, असं आधी सांगितलं. मग जे मला माहीत होतं तेही सांगितलं. कुणी ‘चालेल’ म्हटलं तरी उपाशीपोटी नाही. कोल्ड्रिंकमध्ये मिसळून नाही. जेवण आणि कॅप्सूल चुकवायच्या नाहीत. प्यायल्यावर साखर वाढलेली दिसली तर मनानं जादा इन्सुलिन टोचायचं नाही. झोपण्याआधी तपासायचं, पोळी-दूध काहीतरी खाऊनच झोपायचं, रात्री गजर लावून पुन्हा तपासायचं, सकाळीही. आणि बरोबरच्या एकाला तरी सगळं माहीत पाहिजे, न पिणाऱ्याला.

“चुलत भाऊले सांगेल शे,” तो म्हणाला. “तो नही पेवाऊ.” जरा थांबून, “आनि डीजेवर नाचनू त?”

नाचण्यानंही साखर उतरते, दोन-तीन तास नाचलं तर चांगलीच. वर बिअर पडली तर दोन्हीकडून ओढ. मी म्हटलं, “नाच रे बाबा, पोटभर नाच. बिअर राहू दे. खिशात ग्लुकोज पावडर ठेव.”

“खिसा घामघाम व्हई जास, मॅडम. पावडरनं ढेकूळ व्हस.”

“मग लिमलेटच्या गोळ्या ठेव.”