नर्सनं विचारलं, "घरात ओल आहे का?"

इथे न्यूझीलंडमध्ये मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जायच्या आधी त्याची एक मोफत तपासणी होते. गेल्या महिन्यात धाकटीला घेऊन गेले. उंची, वजन, डोळे झाले. मग नर्सनं तिच्या कानावर हेडफोन चढवले आणि आवाज ऐकू आला की ठोकळा टोपलीत टाकायचा, असा खेळ मांडला. डाव्या कानाला पटापट ठोकळे पडले. उजव्याच्या वेळी पोरगी ठोकळा मुठीत धरून नुसती बसून राहिली. मला वाटलं, लाजतेय. नर्सनं नोंद केली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या घरात ओल आहे का?"

मी बावचळले. कानाचा आणि भिंतीचा काय संबंध? तिनं शांतपणे समजावलं. घर थंड आणि दमट असलं की सर्दी हटत नाही, आणि सर्दी हटली नाही की कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहतं. आमच्या झोपायच्या खोलीत खिडकीच्या चौकटीला काळी बुरशी येते. दर शनिवारी मी ती पुसते आणि कुणाला बोलत नाही. भाडेकरूनं कुरकुर करायची नसते, हे मी घरून येतानाच सोबत आणलेलं. नर्सनं कानाच्या पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी पाठवली आणि भाड्याच्या घरांच्या नियमांचा कागद माझ्या हातात दिला. बैठकीची खोली 18 अंशांपर्यंत तापवेल असा हिटर, हवा खेळती ठेवण्याची सोय, ओल रोखण्याची सोय, हे सगळं आता घरमालकावर बंधनकारक आहे. कान तपासणाऱ्या बाईला घराचे नियम ठाऊक होते, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

थोरल्याच्या वेळी आपल्याकडे काय झालं होतं? शाळा म्हणाली, वर्गात लक्ष नसतं. डॉक्टरांनी कानात घालायला थेंब दिले. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, पण एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. निरोप पोचवायचं काम माझं होतं आणि ते मला जमलं नाही.

इथे हे आपोआप घडलेलं नाही. 2018 मध्ये इथल्या संसदेनं बालदारिद्र्य कमी करण्याचा कायदा केला. मुलांच्या गरिबीची उद्दिष्टं सरकारनं जाहीर करायची, आकडे दरवर्षी सांख्यिकी खात्यानं छापायचे आणि अर्थसंकल्पात त्यावर बोलायचं. तेव्हा जसिंडा आर्डर्न पंतप्रधान होत्या आणि बालदारिद्र्य कमी करण्याचं खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. 2019 मध्ये मुलांच्या आणि तरुणांच्या कल्याणाचं एकच राष्ट्रीय धोरण आलं. म्हणून इथे सगळं छान आहे असं मुळीच नाही. माओरी, म्हणजे इथले मूळ रहिवासी, आणि पॅसिफिक बेटांवरून इथे आलेली कुटुंबं, यांच्या मुलांची गरिबी आजही जास्त आहे. पण उद्दिष्ट हुकलं की ते सगळ्यांसमोर हुकतं.

आणि आपल्याला कुणी शिकवावं अशी आपली स्थिती नाही, हेही सांगते. मुलांचं राष्ट्रीय धोरण आपण 1974 मध्ये केलं, 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. महाराष्ट्रानं 2005 मध्ये राजमाता जिजाऊ मिशन काढलं, तसं पोषण मिशन देशात पहिलंच. राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुंटलेपण, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी राहणं, 2005-06 मध्ये 39 टक्के होतं, ते 2012 पर्यंत 23 टक्क्यांच्या आसपास आलं. पन्नास लाख वस्तीच्या देशानं आपल्याला आकडे दाखवताना हेही बघावं. फक्त 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं खुंटलेली निघाली, तेव्हा कुणाला उभं करून विचारलं गेलं?

विचारणार तरी कुणाला? अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, लस आरोग्य खात्याची, शाळेतलं जेवण शिक्षण खात्याचं, नळाचं पाणी आणखी कुणाचं. मूल मात्र एकच. दिल्लीच्या अर्थसंकल्पात मुलांवरच्या खर्चाचं वेगळं विवरणपत्र बरीच वर्षं निघतं. पैसे किती ठेवले ते त्यात कळतं. मुलांची उंची वाढली का, ते कळत नाही. मला वाटतं, पंतप्रधानांच्या पातळीवर एका माणसाकडे हे काम कायद्यानं सोपवावं, मोजकी उद्दिष्टं ठरवावीत आणि दरवर्षी लोकसभेत उभं राहून त्यांचा हिशोब द्यायला लावावा. राज्यांची कामं राज्यांकडेच राहोत, पण आकडा देशाचा असावा.

माझी मावशी अंगणवाडी सेविका होती. काल फोनवर तिला नर्सचं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, आम्हालाही कळायचं की कुणाच्या घरात पाणी गळतं आणि कुणाचं पोर म्हणून खोकतं. वजनाच्या रजिस्टरात ते लिहायला रकाना नव्हता." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "कानाचं पुढे काय ठरलं?"

तारीख अजून यायची आहे. घरमालकाला मी आज पत्र टाकलं.