करारापासून सबस्टेशनपर्यंत: ग्रिडवरच्या एका संयुक्त संशोधनाचा माझा अनुभव

प्रकल्प मंजूर झाल्याचं पत्र आलं त्या दिवसापासून पहिली डेटा फाइल माझ्यासमोर उघडेपर्यंत अकरा महिने गेले. ते कशात गेले आणि पुढे काय झालं, हे लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. या वाटेवर पहिलं पाऊल टाकणाऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

आम्ही तिघे होतो: आमचा विद्युत अभियांत्रिकी विभाग, एक पारेषण कंपनी आणि सौर प्रकल्पांसाठी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज ग्रिडच्या एसी विजेत बदलणारं यंत्र, बनवणारी एक कंपनी. मी तेव्हा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रस्तावात लिहिलेला माझा विषय होता जडत्वाचा. मोठ्या वीजकेंद्रातलं जनित्र म्हणजे प्रचंड फिरतं वजन. कुठे निर्मिती कमी पडली की ते वजन आपल्या गतीतली ऊर्जा ग्रिडला देतं आणि फ्रिक्वेन्सी सावकाश घसरते, तेवढ्यात बाकीची केंद्रं सावरून घेतात. ५० हर्ट्झच्या ग्रिडमध्ये जडत्वाचा स्थिरांक, म्हणजे फिरत्या वजनातली ऊर्जा पूर्ण क्षमतेने किती वेळ पुरेल तो आकडा, ५ सेकंद असेल आणि १० टक्के निर्मिती अचानक गेली, तर फ्रिक्वेन्सी सुरुवातीला सेकंदाला अर्धा हर्ट्झ या वेगाने पडते. तोच स्थिरांक २ सेकंदांवर आला की वेग सव्वा हर्ट्झ होतो. सौर पॅनेलमागे फिरतं काहीच नसतं, म्हणून सौर विजेचा वाटा वाढला की ग्रिड हलका होत जातो. इन्व्हर्टरला त्या फिरत्या वजनाची नक्कल करायला लावायची, अशी माझी नियंत्रण पद्धत होती. आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ३९ बसच्या (बस म्हणजे ग्रिडमधला जोडबिंदू) नमुना ग्रिडवर ती संगणकात सुरेख चालत होती.

आता ते अकरा महिने. त्यातले सात करारात गेले. तीन मुद्द्यांवर गाडी अडली होती. पहिला, प्रकल्पाच्या आधीपासून ज्याचं जे आहे ते कुणाचं आणि प्रकल्पात नव्याने जे तयार होईल ते कुणाचं. दुसरा, शोधनिबंध छापण्याआधी कंपन्यांना किती दिवस वाचायला द्यायचा. तिसरा, माझा प्रबंध. कंपनीच्या पहिल्या मसुद्यात ‘लेखी परवानगीशिवाय कोणताही निष्कर्ष प्रसिद्ध करता येणार नाही’ असं वाक्य होतं. ते तसंच राहिलं असतं तर माझी पदवी एका खात्याच्या सहीवर टांगून राहिली असती. माझ्या मार्गदर्शक मॅडम या एका वाक्यावर तीन बैठका ठाम बसल्या. शेवटी ठरलं ते असं: निबंध तीस दिवस आधी दाखवायचा, कंपनीने गोपनीय नावं आणि आकडे काढायला सांगायचे, पण निष्कर्ष काढायला सांगायचा नाही, आणि प्रबंधाची तोंडी परीक्षा कोणत्याही कारणाने अडणार नाही. तुम्ही विद्यार्थी असाल तर करारातला हा भाग स्वतः वाचा. मार्गदर्शकांवर विश्वास असला तरी वाचा.

पारेषण कंपनीची बाजूही मला हळूहळू कळली. कोणतं सबस्टेशन कुठे जोडलं आहे, कोणती लाइन गेली की काय कोलमडतं, हा नकाशा चुकीच्या हातात पडला तर लाखो लोक अंधारात जाऊ शकतात. तो ईमेलने पाठवायला कुणी तयार नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. तोडगा असा निघाला की डेटा बाहेर येणार नाही, मीच आत जायचं. बिघाडापासून ग्रिडला वाचवण्याचं काम पाहणाऱ्या त्यांच्या संरक्षण विभागात एक टेबल, बाहेरच्या नेटवर्कला न जोडलेला एक संगणक, आठवड्यातले दोन दिवस. तेव्हा मला ही अडचण वाटली. पण प्रकल्पाचं खरं काम त्या टेबलावरच झालं.

तिथला डेटा मी पुस्तकात पाहिलेल्या डेटासारखा अजिबात नव्हता. नियंत्रण कक्षातली नोंद काही सेकंदांनी एकदा, फेझर, म्हणजे विजेच्या लहरीची उंची आणि वेळेतली जागा, मोजणारी उपकरणं सेकंदाला पन्नास वेळा, आणि फॉल्ट, म्हणजे लाइनवरचा बिघाड, टिपणारा रेकॉर्डर सेकंदाला हजारो वेळा, पण तोही फॉल्टच्या आसपासच्या थोड्याशा काळापुरताच. तिन्ही एकाच घटनेच्या नोंदी, पण एकमेकींशी जुळेनात. एकाच बसला नियोजन विभागाच्या मॉडेलमध्ये एक नाव आणि नियंत्रण कक्षात दुसरं. एका फीडरवर वीज उलट वाहताना दिसत होती. दोन दिवस मी त्याचं सैद्धांतिक कारण शोधत होते. शेवटी तिथल्या ज्येष्ठ अभियंत्यांना विचारलं. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सीटीची पोलॅरिटी उलटी आहे. त्या बेला पहिल्यापासून तसंच आहे, आम्ही वाचताना उलटं वाचतो.” सीटी म्हणजे प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर, आणि त्या बेमध्ये, म्हणजे सबस्टेशनमधल्या त्या लाइनच्या कप्प्यात, त्याची जोडणी उलटी होती. हे कोणत्याच फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला घड्याळांनी. एका जुन्या रेकॉर्डरला उपग्रहाची वेळ जोडलेली नव्हती आणि तो सात मिनिटं पुढे होता. मी कित्येक दिवस दोन वेगळ्या घटना एकच समजून तपासत होते. अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांनी व्हर्जिनिया टेकमध्ये १९८८ साली पहिलं फेझर मोजणारं उपकरण बनवलं, त्याचं सगळं मोल एका गोष्टीत होतं: दूरदूरच्या सबस्टेशनांमधली मोजमापं एकाच घड्याळावर आणणं. वर्गात हे शिकले होते. त्याची किंमत कळली ती त्या सात मिनिटांत. फडके विद्यापीठात येण्याआधी बरीच वर्षं अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या वीजकंपनीत होते, आणि या उपकरणाची मुळं तिथल्या संगणकीय रिलेच्या कामात आहेत. १९९१ मध्ये मॅक्रोडाइन कंपनीने ते बाजारात आणलं. उद्योगातून विद्यापीठात आणि पुन्हा उद्योगात असा तो प्रवास मला त्या टेबलावर बसल्यावर नीट दिसला.

त्या टेबलावर बसायला लागल्यापासून साधारण चौथ्या महिन्यात मी माझी जडत्वाची पद्धत त्याच अभियंत्यांना समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक नोंद उघडली. “मॅडम, तुम्ही फ्रिक्वेन्सी पडल्यावर इन्व्हर्टरने काय करावं ते सांगताय. पण हे बघा. लाइन ट्रिप झाली, फ्रिक्वेन्सी अजून जागेवरच आहे, आणि तुमचे इन्व्हर्टर आधीच गेलेत. जे जागेवरच नाही ते मदत कसली करणार?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन रात्रभर तीच नोंद डोळ्यांसमोर होती.

फॉल्ट झाला किंवा लाइन सुटली की विजेचा प्रवाह क्षणात दुसऱ्या मार्गाने वळतो आणि व्होल्टेजच्या लहरीची फेज उडी मारते. लहर तीच राहते, फक्त थोडी सरकते. पण इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी मोजतो ती फेज किती वेगाने बदलते यावरून. समजा फेज ३० अंशांनी सरकली आणि इन्व्हर्टरने एकाच आवर्तनात, म्हणजे २० मिलिसेकंदांत, मोजमाप केलं. त्याला फ्रिक्वेन्सी चार हर्ट्झहून जास्त बदललेली दिसेल. ग्रिड ५० वर, इन्व्हर्टरच्या लेखी ४६. तो स्वतःला वाचवायला लगेच बंद होतो. पाच आवर्तनं पाहून मोजलं असतं तर तीच उडी एक हर्ट्झहूनही कमी दिसली असती. १६ ऑगस्ट २०१६ रोजी कॅलिफोर्नियात ब्लू कट वणव्यामुळे ५०० केव्हीच्या लाइनवर फॉल्ट झाला तेव्हा जवळजवळ १,२०० मेगावॉट सौर वीज अशी एका झटक्यात गेली होती. त्यातला मोठा भाग फ्रिक्वेन्सी चुकीची मोजल्यामुळे गेला. प्रत्यक्षात फ्रिक्वेन्सी तितकी घसरलीच नव्हती. त्या घटनेचा अहवाल मी वाचलेला होता. माझ्या प्रस्तावातल्या संदर्भांच्या यादीत तो होतासुद्धा. पण तोच प्रश्न माझ्यासमोरच्या ग्रिडचाही असू शकेल, असं मला सुचलं नव्हतं.

मॅडमना सांगितलं. विषय बदलायचा म्हणजे निधी देणाऱ्यांना पुन्हा लिहायचं, माझं वर्षभराचं काम बाजूला ठेवायचं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: नोंदी पुरेशा आहेत का, आणि इन्व्हर्टरवाले त्यांचा अल्गोरिदम दाखवतील का.

ते दाखवणार नव्हते. अल्गोरिदम हीच त्यांची मालमत्ता. त्यांनी आधी एक बंद मॉडेल दिलं, ज्यात आत काय आहे ते दिसत नाही. त्या मॉडेलला मी पारेषण कंपनीची फॉल्टची नोंद दिली तेव्हा ते मजेत चालू राहिलं. मैदानात, म्हणजे प्रत्यक्ष ग्रिडवर, मात्र तोच इन्व्हर्टर बंद पडला होता. या विसंगतीवर झालेली बैठक ताणलेली होती. पारेषणवाले म्हणत होते इन्व्हर्टर सदोष आहे, इन्व्हर्टरवाले म्हणत होते नोंद सदोष आहे. विद्यापीठाची जागा इथे असते असं मला मनापासून वाटतं: दोघांपैकी कुणालाच काही विकायचं नसलेला तिसरा माणूस, ज्याच्या प्रयोगशाळेतल्या मोजमापावर दोघं विश्वास ठेवतील. आम्ही म्हटलं, मॉडेल राहू द्या, खरा इन्व्हर्टर पाठवा.

तो आला. आम्ही तो रिअल टाइम सिम्युलेटरला जोडला. हे यंत्र अख्ख्या ग्रिडचं गणित दर ५० मायक्रोसेकंदांनी सोडवतं आणि अँप्लिफायरमार्फत खरं व्होल्टेज इन्व्हर्टरच्या टोकांवर उभं करतं, त्यामुळे आपण प्रयोगशाळेत आहोत हे इन्व्हर्टरला कळायचा मार्ग नसतो. मैदानातली नोंद आम्ही जशीच्या तशी, तिच्यातल्या सगळ्या कचऱ्यासकट वाजवली. खट्ट आवाज झाला आणि इन्व्हर्टर बंद पडला. दोन्ही कंपन्यांची माणसं खोलीत होती. कुणी काही बोललं नाही. मग इन्व्हर्टर कंपनीच्या मुलीने स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, “मैदानात जुनं फर्मवेअर आहे. मॉडेल नव्याचं दिलंय.” त्या दिवसानंतर भाषा बदलली. ‘तुमचा इन्व्हर्टर’ आणि ‘तुमची नोंद’ जाऊन ‘आपली टेस्ट’ आली.

उपाय वरवर सोपा होता, जास्त आवर्तनं पाहून मोजा. पण इन्व्हर्टर फार सावकाश झाला तर दुसरा धोका असतो. मुख्य ग्रिडपासून तुटलेल्या तुकड्यात तो वीज देत राहिला, तर बंद समजून लाइनवर चढलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. अशी यंत्रं ग्रिडला जोडण्याचं मानक असलेल्या आयईईई १५४७ च्या २०१८ च्या आवृत्तीत दोन्ही बाजू आहेत: २० अंशांपर्यंतची उडी सोसून जोडलेलं राहायचं, आणि असं बेट तयार झालं तर दोन सेकंदांच्या आत थांबायचं. या दोन अटींच्या मधली जागा शोधण्यात माझं पुढचं दीड वर्ष गेलं. शेकडो चाचण्या, बहुतेक कंटाळवाण्या.

प्रत्यक्ष सबस्टेशनमध्ये जायला आणखी आठ महिने लागले. आमच्या सेटिंगला आधी फक्त निरीक्षणाची परवानगी मिळाली: ट्रिप करायचं की नाही हे त्याने ठरवायचं, लिहून ठेवायचं, पण कृती जुन्याच सेटिंगने करायची. प्रबंधाच्या घाईत मला तो काळ फार लांबला असं वाटत होतं. मात्र तिथे बसवलेलं उपकरण तीस-चाळीस वर्षं चालतं, आणि चुकीचं ठरलं तर पहाटे तीनला फोन माझ्या घरी नाही, त्यांच्या घरी वाजणार असतो. त्या आठ महिन्यांत सहा घटना झाल्या. त्यातल्या एकीत आमचं सेटिंग चुकलं, आम्ही ते दुरुस्त केलं, आणि मगच ते चार इन्व्हर्टरांवर खऱ्या अर्थाने लागू झालं.

प्रबंध सादर करून मी मोकळी झाले होते तेव्हा एका संध्याकाळी त्या ज्येष्ठ अभियंत्यांचा फोन आला. वादळात लाइन ट्रिप झाली होती. “तुमचे चारही जागेवर आहेत. शेजारचे गेले. फाइल ठेवलीय, उद्या येऊन बघा.”

मी गेले. तेच टेबल, तोच संगणक. फाइल उघडली आणि लहरीकडे पाहण्याआधी दोन्ही रेकॉर्डरच्या वेळा शेजारी लावून तपासल्या. जुळत होत्या.