घाणा क्रमांक 8: हिरव्या मलमाचा चोर सापडला

मंडळी, टाचांच्या भेगांसाठी मी घरी करतो त्या राळेच्या मलमाचं कोडं सुटलं. माझ्या हुशारीनं नव्हे, भाच्याच्या नाकानं.

एका वेळी केलेलं मलम म्हणजे एक घाणा, आणि दर घाण्याची नोंद मी इथे लिहितो. ज्यांनी मागच्या नोंदी वाचल्यात त्यांना माहीत आहे, पहिले चार घाणे नीट उतरले होते. लोण्यासारखं पांढरं मलम, बोटानं उचललं तर टोक उभं राहायचं. पाचव्यापासून दृष्ट लागली. प्रमाण तेच होतं: लाकडी घाण्याचं तिळाचं तेल 250 ग्रॅम, राळ (झाडाचा वाळलेला चीक) 60, मेण 20. मंद आचेवर राळेची पूड चिमटीचिमटीनं सोडली, कपड्यातून गाळलं, थंड पाण्याच्या परातीत ओतलं, तळहातानं फेटलं, पाणी बदलत शंभर धुणी केली. तरी तिसऱ्या दिवशी डबीत पाणी सुटलेलं आणि मलम बोटाला असं चिकटायचं की साबणानंही निघेना. सहावा घाणा आळसानं रात्रभर तांब्याच्या परातीत राहिला, तर सकाळी कडेकडेनं फिकट हिरवा.

मी आधी पाण्यावर संशय घेतला. नळाला येणारं कास तलावाचं पाणी सोडून बोअरचं घेतलं, मग उकळून गार केलेलं. काही फरक नाही. मग परात. काट, म्हणजे तांब्याचा हिरवा गंज, राहिला असेल म्हणून चिंच-मीठ लावून अशी घासली की आरशासारखी झाली. सातवा घाणा तरीही मुद्दाम स्टीलच्या परातीत केला, आणि हिरवा रंग गायब! त्या दिवशी घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण चिकटपणा होता तसाच, पाणीही सुटलंच. म्हणजे तांबं चोर नव्हतं, तांब्यानं फक्त चोर दाखवला होता. हे मला तेव्हा कळलं नाही.

मधल्या काळात फेटण्यातच काही चुकतंय असं वाटून हँड ब्लेंडरही घेतला. घेऊ नका. मलम तापतं, हवा भरते, दिसायला फुगतं आणि आठवड्यात बसतं. तळहाताला थंडावा आणि घट्टपणा दोन्ही कळतं, ते त्या यंत्राला कळत नाही. सध्या त्यावर घरात ताक घुसळलं जातं.

मग एका रविवारी भाचा आला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं काम. मी तेलात राळ सोडत होतो आणि तो दारातूनच म्हणाला, "मामा, घरात सोल्डरिंग करताय काय?"

पळी हातातच राहिली. सोल्डरिंगच्या पेस्टमध्ये असतो बेरजा, म्हणजे चिडाच्या, पाइनच्या झाडाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर उरतो तो खडा. आपली राळ म्हणजे सालवृक्षाचा चीक, ग्रंथांतला सर्जरस. झाड वेगळं, चीक वेगळा. पण आपल्याकडे बोलताना दोन्हींना राळच म्हणतात, व्हायोलिनच्या गजाला लावतात तिलाही राळच. दुकानदारानं फसवलं की त्यालाही तेच कोणी दिलं, देव जाणे. भांडायला गेलो नाही, फक्त दुकान बदललं.

आता आठवतं ते हसू येण्यासारखं आहे. पहिल्या चार घाण्यांची राळ आत्याच्या जुन्या डब्यातली होती: मळकट, धुरकट, मध्ये सालीचे तुकडे. ती संपल्यावर आणलेली नवी राळ मधाच्या रंगाची, काचेसारखी आरपार. मीच इथे तिला "एक नंबर माल" म्हटलं होतं. ते वाक्य मागे घेतो.

खात्री करायची म्हणून सांगलीला गेलो तेव्हा गणपती पेठेतून नमुन्याला 100 ग्रॅम राळ आणली. त्या म्हाताऱ्या दुकानदारानं उलट मलाच विचारलं, "धुपाला हवी का मलमाला?" हा प्रश्न साताऱ्यात मला कोणी विचारला नव्हता. घरी येऊन दोन वाट्या मांडल्या. गरम पाण्यात धुण्याचा सोडा, एकीत जुन्या दुकानाची पूड, दुसरीत सांगलीची. पहिलीत फसफसून फेस आला, पूड विरघळली, ढवळलं तर साबणाच्या पाण्यासारखं तपकिरी पाणी. दुसरीतली पूड बहुतेक तशीच तळाशी बसून राहिली. बेरज्यात आम्ल भरपूर, सोड्याशी त्याचा साबण बनतो. खऱ्या राळेत आम्ल त्या मानानं खूप कमी. आणि तेच आम्ल तांब्याशी लागलं की हिरवा रंग! तीन महिने परात ओरडून सांगत होती आणि मी तिला चिंच चोळत होतो.

स्पिरिटचीही परीक्षा केली. बेरजा आरपार विरघळला, सांगलीची राळ अर्धवट, वाटीत पांढुरका गढूळपणा राहिला. दोन्ही परीक्षा दहा मिनिटांत होतात. नवी राळ आणली की घाणा घालण्याआधी करा.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. सहाव्या घाण्याची डबी शेजारच्या वहिनींना दिली होती. त्यांच्या मनगटावर लाल चट्टे उठले आणि खाज सुटली. बेरज्याची ॲलर्जी अनेकांना असते. चिकटपट्टीच्या गोंदातही तो असतो, पट्टीखाली चट्टा उठतो तो कधीकधी त्याचाच. डॉक्टरांकडे त्यांना मीच घेऊन गेलो. पाच, सहा, सात या घाण्यांच्या सगळ्या डब्या परत मागवल्यात, कोणाकडे असेल तर टाकून द्या. यापुढे डबी देताना आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबायला सांगतो. मधुमेह असलेल्यांच्या पायाला, उघड्या जखमेला आणि भाजलेल्याला मी देतच नाही. भेगांपुरतं माझं काम.

आठवा घाणा सांगलीच्या राळेचा, तांब्याच्याच परातीत. साठाव्या धुण्याला मलमानं रंग टाकला, नव्वदाव्याला हाताला सोडून आलं. आज दहावा दिवस, पाण्याचा थेंब नाही. सकाळी डबी उघडून नुसतं बघत बसलो होतो.

मेण मात्र महाबळेश्वरजवळच्या मांघर गावच्या ओळखीतलंच. 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झाल्यापासून तिथल्या मेणाला मागणी वाढली आहे, पण दुकानातलं पांढरंफेक मेण बहुतेक वेळा पॅराफिन असतं, त्यापेक्षा थांबलेलं बरं.

सह्याद्रीतल्या धुपाच्या झाडाचा चीक वापरून बघायचा विचार होता, तो सोडला. बुंध्याला आग लावून चीक काढतात, झाडं वाळतात.

आणि हे लिहितालिहिता सुचलं: मेणाऐवजी मुठेल घातलं तर? कोकमाच्या बियांचं तेल एरवीही घट्टच, अंगाच्या उबेला विरघळतं, आणि कोकणात भेगांना तेच लावतात. नववा घाणा निम्मा मेणाचा, निम्मा मुठेलाचा करायचा ठरलं. राळ तीच. महाडला जाणारं कोणी असेल तर दोन गोळे आणा.

खरी परीक्षा आत्याच्या टाचांवर लावली होती. भातलावणीच्या दिवसांत जावळीत चिखलात उभं राहून तिच्या टाचा बोट जाईल इतक्या फाटतात. बेत असा की डाव्या टाचेला आठवा घाणा, उजवीला राळेविना नुसतं तेल-मेण, आणि रोज वहीत नोंद. चौथ्या दिवशी फोन केला तर दोन्ही टाचांना एकच डबी चालू.

"आगं आत्ये, उजवीला दुसरी डबी हाय ना?"

"मग? उजवी काय सावत्र हाय व्हय रं?"

उजव्या टाचेचा रकाना तिसऱ्या दिवसापासून कोरा आहे.