आमची वाटचाल : सड्यावरची डिश आणि पन्नास मेगाहर्ट्झ

राजापूर-लांजा पट्ट्यात आज डोंगरावरच्या डिशने गावोगाव इंटरनेट देणाऱ्या आमच्या फर्मचं नाव लोक घेतात. २०१६ साली मात्र ती बंद पडायला आली होती, आणि कुणामुळे ते मी लिहीत नाही, समजणारे समजतील.

तेव्हा पाच गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींमध्ये उघड्यावर विनापरवाना वापरायला ५८२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा होता. म्हणजे वीस मेगाहर्ट्झचे दोन चॅनल. एक आम्ही धरला होता. या गृहस्थांनी, म्हणजे आमच्या स्पर्धकाने, आमच्याच सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर), हाकेच्या अंतरावर टॉवर उभा केला आणि चाळीसचा चॅनल लावून मोकळे झाले. पॉवर किती सोडत होते देव जाणे. चार वॅटची मर्यादा डोंगरावर मोजायला कोण येतंय? आमचा सिग्नल उणे ६२ डीबीएम, म्हणजे झकास, आणि पान काही उघडेना. नॉइजबद्दल, म्हणजे दुसऱ्या रेडिओंच्या गोंगाटाबद्दल, ग्राहकाला काय सांगणार? ‘त्यांचं चालतं, तुमचं नाही,’ म्हणून एकेक जण गेला.

काजू कारखान्याच्या वहिनी तेवढ्या राहिल्या. “भाऊ, भर पावसात तुम्ही आमच्या पत्र्यावर चढला होतात. आता हंगामाच्या आत नीट करा,” म्हणाल्या आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ हातात ठेवले. त्या पैशांवर मी हिमाचलातल्या धरमशाळेला लांब पल्ल्याच्या वायरलेसचं प्रशिक्षण घ्यायला गेलो. तिथल्या डोंगरांत एअरजल्दी या वायरलेस इंटरनेट देणाऱ्या संस्थेने २००५ पासून अशा लिंक, म्हणजे समोरासमोरच्या डिशमधल्या जोडण्या, चालवल्या आहेत.

सुरुवातीला डिशला हातच लावू दिला नाही. कागद-पेन्सिल. आमची लिंक बारा किलोमीटरची. तिच्या मध्यावर फ्रेनेल झोनची, म्हणजे दोन डिशमध्ये लहरींना लागणाऱ्या फुगीर मोकळ्या जागेची, त्रिज्या साडेबारा मीटर निघते आणि त्यातले निदान साडेसात मोकळे लागतात. वर पृथ्वीच्या गोलाईचे दोन मीटर. समोरचा डोंगर डोळ्यांना दिसला की लाइन मिळाली, असं समजणारे इन्स्टॉलर आपल्याकडे अजून आहेत. मग अ‍ॅक टाइमआउट, म्हणजे समोरून पोच येण्याची वाट किती बघायची ती वेळ : सिग्नलला जाऊन यायलाच ऐंशी मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढं थांबायला रेडिओला सांगावं लागतं. व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये घरगुती राउटर आणि मोठ्या डिश वापरून ३८२ किलोमीटरची लिंक जोडली, तेही तिथेच ऐकलं.

पण माझं काम झालं ते एका वाक्याने : पॉवर वाढवू नका, डिश वाढवा. मोठी डिश ऐकतेही जास्त, आणि आजूबाजूचा गोंगाट कमी घेते.

परत आल्यावर मास्ट, म्हणजे डिशचा खांब, सड्याच्या पलीकडच्या अंगाला हलवला, त्यांच्या टॉवरला पाठ करून. तीस डीबीआयच्या, म्हणजे सिग्नल जास्त एकवटणाऱ्या, मोठ्या डिश बसवल्या आणि मर्यादेत राहण्यासाठी पॉवर उतरवली. त्यांच्या चाळीसच्या बाहेर, पट्ट्याच्या काठाला, जेमतेम दहा मेगाहर्ट्झ उरत होते. तेवढ्यात घुसलो. वेग निम्मा, पण लिंक हलली नाही. हंगाम सुरू झाला तेव्हा वहिनींचं नेट चालू होतं.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने पाच गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा खुला केला आणि जागेची मारामारी संपली. पुढची वर्षं सरळ गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नव्या पोरांना एक सांगतो. क्रिंपर, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायची पक्कड, स्वस्तातला घेऊ नका. माझा पहिला अजून पिशवीत आहे. केबल रेडिओत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, नाहीतर पाणी थेट पोर्टात. आणि जांभ्यात पहारीने फूटभर खड्डा खणून पट्टी पुरली म्हणजे अर्थिंग नव्हे. तार खाली मातीपर्यंत न्या. मे महिन्यातली वीज उधारी ठेवत नाही.

वहिनींकडे आता आमचीच फायबर आहे. महामार्गाच्या कामात जेसीबीने ती तोडली की कारखाना त्याच जुन्या लिंकवर चालतो. मध्यंतरी त्या गृहस्थांनी टॉवर विकायला काढला आणि मलाही विचारलं. मी म्हटलं, आधी आमच्या नेलेल्या ग्राहकांचा हिशेब करा, मग भावाचं बोलू.