गावचे दप्तर

आमचे गाव करवीर तालुक्यात, कोल्हापूर शहराच्या हद्दीला अगदी चिकटून आहे. हद्दवाढीचा, म्हणजे गाव शहराच्या महापालिकेत घेण्याचा, विषय निघाला की पारावर एकच प्रश्न ऐकू येतो: ग्रामपंचायत गेली तर आपल्या हाती काय राहणार? बहुतेकांचे बोलणे घरपट्टी किती वाढेल यावर येऊन थांबते. मला मात्र खरी चिंता वाटते ती गावच्या दप्तराची.

संस्थानकाळात गावचा हिशेब आणि जमिनीच्या नोंदी वंशपरंपरेने कुलकर्ण्यांकडे असत. ज्याला अक्षरओळख नव्हती, त्याने आपल्याच जमिनीविषयी काय लिहिले आहे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे आणि अंगठा उठवायचा. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. त्याआधी, 1917 मध्ये, त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला होता. हे दोन निर्णय मी नेहमी एकत्र वाचतो, कारण दप्तर वाड्याबाहेर आले तरी ते वाचणारा गावात असावा लागतो.

1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम आणि 1 मे 1962 पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा यांनी आजची त्रिस्तरीय रचना उभी केली, तर 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींना देण्यात आला. अर्थात, तो पैसा गटारीला लागावा की पाण्याच्या टाकीला, हे ठरवण्याची जागा गावातच आहे.

ती जागा आम्ही कशी वापरतो? ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. आमच्या गावात तेवढेही जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे पुढच्या वेळी वीस-पंचवीस माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो. एकदा शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन आमच्या दारात आला. पान उघडून पाहिले, तर सह्यांच्या रांगेवर ठरावाची जागा कोरी होती. मी सही केली नाही, याचे त्याला मनापासून आश्चर्य वाटले.

याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. तेथील ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे यापुढे आमच्या गावात होणार नाही, असे गावाने लिहून ठेवले. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. एवढे वजन गावच्या वहीतील एका ठरावाला येऊ शकते, हे हेरवाडने दाखवून दिले.

त्यानंतरच्या 15 ऑगस्टच्या सभेत मी एवढीच मागणी केली की प्रत्येक ठराव आधी लिहावा, मोठ्याने वाचावा आणि मगच सह्या घ्याव्यात. थोडी कुजबुज झाली. मग मागच्या रांगेतील एक वयस्क मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "वाचा की मग, आम्ही बसलोय." त्या दिवशी सात ठराव वाचून झाले. त्यांतला पाण्याच्या टाकीचा ठराव दोनदा खोडून पुन्हा लिहावा लागला.