सबवूफरचा पोर्ट करताय? पाइप आतून मोजा

हार्डवेअरच्या दुकानात '११० एमएम' म्हणून जो पीव्हीसी पाइप मिळतो, ते त्याचं बाहेरचं माप असतं. पोर्टला, म्हणजे सबवूफरच्या पेटीतून हवा आत-बाहेर करणाऱ्या नळीला, लागतं आतलं. एवढी साधी माहिती मिळवायला मला पुण्यात नाना पेठेतली दुकानं पालथी घालावी लागली, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

बाकी काम सरळ झालं. तपकीर गल्लीतून दहा इंची ड्रायव्हर, म्हणजे पेटीत बसवायचा मूळ स्पीकर, आणला. पत्रकात एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस असे, पेटीचा हिशेब ज्यांवरून करतात ते तिन्ही आकडे छापलेले होते. ते नसतील तर ड्रायव्हर घेऊच नका. खोक्यावर लिहिलेल्या वॅटवरून काही ठरवता येत नाही. आकडे विनआयएसडी या पेटीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि पेटी ६० लिटरची, ट्यूनिंग (पोर्टमधली हवा ज्या फ्रिक्वेन्सीला घुमते ती) ३० हर्ट्झ असं नक्की केलं.

आता पोर्टची लांबी. व्यासाच्या वर्गाला २३५६२.५ ने गुणायचं, हर्ट्झचा वर्ग गुणिले लिटर यानं भागायचं आणि उत्तरातून व्यासाच्या ०.७३२ पट वजा करायचं. मापं सगळी सेंटिमीटरमध्ये. व्यासाचा वर्ग होत असल्यामुळे थोडासा फरकही फार वाढतो. व्यास ११ धरला तर लांबी ४४.७ येते, १०.४ धरला तर ३९.६. पाच सेंटिमीटरचा फरक!

म्हणून प्रत्येक काउंटरवर माझा एकच प्रश्न, "आतून किती?" आणि उत्तरही एकच, "एकशे दहाचाच आहे, साहेब." पाइपची जाडी दर्जाप्रमाणे बदलते, पण दर्जा विचारला की "प्लंबरला विचारून या." मोजू म्हटलं तर व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) कुणाकडेच नाही. तुकडा मागितला तर दहा फुटी अख्खा घ्या म्हणतात. एकानं ७५ चा गळ्यात मारायचा प्रयत्न केला, "लांबी कमी लागेल." लागेल खरी, आतून सात सेंटिमीटर असेल तर सोळाच पुरते. पण तोंडाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होतं, हवेचा वेग दुपटीच्या वर जातो. वेग सेकंदाला सतरा मीटरच्या पुढे गेला की बासबरोबर फुसफुस ऐकू यायला लागते. त्याला ठाम नाही म्हटलं. शेवटी स्वतःचा व्हर्नियर खिशात घालून गेलो, काउंटरवरच पाइप मोजला आणि १०.४ भरला तोच घेतला.

प्लाय कापायच्या आधीच हे सगळं ठरवा, कारण पाइपचं आतलं तोंड मागच्या फळीपासून निदान एक व्यास लांब हवं. शिवाय ६० लिटर म्हणजे निव्वळ हवा. पाइप एकटा पावणेचार लिटर जागा खातो. ड्रायव्हर आणि आतल्या आधाराच्या पट्ट्या वेगळ्या धरायच्या.

पाइप मुद्दाम जास्त, ४२ चा कापला. कमी करता येतो, वाढवता येत नाही. ड्रायव्हरला सिरीजमध्ये एक किलोओमचा रेझिस्टर लावला, मोबाइलवरून ॲम्प्लिफायरला साइन वेव्ह (एकाच फ्रिक्वेन्सीचा सूर) दिली आणि फ्रिक्वेन्सी बदलत ड्रायव्हरवरचं व्होल्टेज मल्टिमीटरनं पाहत गेलो. दोन उंचवटे दिसतात, त्यांच्या मधला खड्डा म्हणजे ट्यूनिंग. माझा २९ च्या जरा वर पडला. थोडं थोडं घासत तीसवर आणला. त्या फ्रिक्वेन्सीला ड्रायव्हरचा कोन (हलणारा पडदा) जवळजवळ थांबतो आणि बहुतेक सगळा आवाज पाइपमधून येतो. हे स्वतःच्या हातानं जमवल्याचा मला खरोखर अभिमान वाटला.

ॲम्प्लिफायरवर सबसॉनिक फिल्टर (फार खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) असेल तर तो २५ हर्ट्झच्या आसपास लावूनच आवाज वाढवा. ट्यूनिंगच्या खाली हवेचा आधार सुटतो आणि कोन वाट्टेल तसा हलून ड्रायव्हर फाटू शकतो.