थांब, दाबू नको!

"मामा, कंपनीनंच पाठवलंय ना, मग भ्यायचं काय त्यात?" भाचीचं बोट 'आत्ता अपडेट करा'वर टेकलं होतं. मी हातच धरला तिचा.

नागपूरच्या बर्डीवरून जुनं घेतलेलं 2012 चं मॅकबुक प्रो, ॲपलचा लॅपटॉप. अधिकृतपणे ते मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीपाशीच थांबतं; पुढची सोनोमा आवृत्ती चालतेय ती ओपनकोअर लेगसी पॅचरच्या, म्हणजे जुन्या मॅकवर नवं मॅकओएस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जोरावर. अपडेट झालं की त्या पॅचरनं टाकलेले ग्राफिक्सचे, वायफायचे पॅच, म्हणजे जोडदुरुस्त्या, पुसले जातात. मागच्या वेळी वायफाय गायब, आणि स्क्रीनवरची खिडकी सरकवली की अडखळत, ओढल्यासारखी यायची.

म्हणून आधी मॅकमधल्याच टाइम मशीन ॲपनं बॅकअप, मग पॅचरची नवी आवृत्ती, मग अपडेट, नि पुन्हा पॅच. आपोआप अपडेट तर बंदच ठेवायचं.

तिचा अख्खा प्रोजेक्ट त्यात होता, बॅकअप नव्हता. हे तिला आधी मीच सांगायला हवं होतं.

रात्रीचे अकरा वाजलेत, बॅकअप निम्मा झालाय. तुमच्याकडे असं मशीन आहे? घरातल्या सगळ्यांना सांगितलंय?